मकोंडोची विहीर आणि न घेतलेली मोजमापं

२० एप्रिल २०१० च्या सकाळी सव्वाअकराच्या सुमारास मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवरून एक हेलिकॉप्टर लुइझियानाच्या किनाऱ्याकडे निघालं. त्यात श्लुंबर्जर कंपनीची माणसं होती. आदल्या रात्री विहिरीच्या तळाशी भरलेलं सिमेंट नीट बसलंय की नाही, हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासण्यासाठी त्यांना मुद्दाम रिगवर बोलावून ठेवलं होतं. आता तपासणीची गरज नाही असं सांगून बीपीने, म्हणजे ही विहीर खोदून घेणाऱ्या ब्रिटिश तेल कंपनीने, त्यांना परत पाठवलं. तपासणीला सुमारे १ लाख २८ हजार डॉलर लागले असते, म्हणजे त्या वेळच्या दराने सत्तावन्न-अठ्ठावन्न लाख रुपये, आणि नऊ ते बारा तास गेले असते. माणसं परत पाठवायला खर्च आला सुमारे १० हजार डॉलर.

त्याच रात्री ९ वाजून ४९ मिनिटांनी विहिरीतून उसळलेल्या वायूचा स्फोट झाला. रिगवर १२६ जण होते. त्यांतले ११ गेले आणि त्यांचे मृतदेहसुद्धा हाती लागले नाहीत. दोन दिवस जळून २२ एप्रिलला, वसुंधरा दिनीच, रिग बुडाली. तिच्याखालची मकोंडो नावाची विहीर पुढे ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली.

या दुर्घटनेवर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आहे, न्यायालयाचे सविस्तर निकाल आहेत, संसदेच्या समित्यांसमोर आलेली पत्रं आणि ईमेल आहेत. इतकं उघड झालेलं औद्योगिक प्रकरण क्वचितच सापडेल. ते सगळं वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इथला लोभ मोठ्या धाडसी निर्णयांतून फारसा दिसत नाही. जिथे जिथे मोजायला पैसे लागणार होते, किंवा मोजून नको तो आकडा समोर येणार होता, तिथे तिथे मोजणं टाळलं गेलं. स्फोटाआधी हेच झालं, गळती चालू असताना हेच झालं आणि नंतर माणसांच्या शरीरांबाबतही हेच झालं.

विहीर

मकोंडो लुइझियानाच्या किनाऱ्यापासून साधारण ६६ किलोमीटरवर होती. तिथे पाण्याची खोली १,५०० मीटरच्या आसपास. समुद्रतळाच्या खाली आणखी चार किलोमीटर खोदत ९ एप्रिलला विहीर तिच्या शेवटच्या खोलीला पोहोचली. रिगपासून मोजलं तर ती सुमारे ५,६०० मीटर भरते. बेत याहून खोल जाण्याचा होता. पण तळाचा खडक इतका नाजूक निघाला की ड्रिलिंगचा मड, म्हणजे विहिरीत भरून ठेवलेला जड गारा, खडक फोडून भेगांमध्ये पळू लागला. तो हलका करावा तर खालचा वायू वर येणार, जड करावा तर खडक फुटणार. बीपीच्याच एका अभियंत्याने ईमेलमध्ये या विहिरीला दुःस्वप्न म्हटलं होतं.

या मडचं काम समजून घेतलं की पुढचं सगळं समजतं. खाली तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली असतात आणि त्यांना दाबून धरतं ते या गाऱ्याचं वजन, जसं कुकरच्या वाफेला शिट्टीचं वजन धरून ठेवतं. विहीर खोदून झाली आणि पुढे कधीतरी उत्पादनासाठी वापरायची म्हणून तात्पुरती बंद करायची असली, की मड काढून त्या जागी समुद्राचं पाणी भरतात. पाणी हलकं. त्यामुळे त्या क्षणापासून सगळा भार तळाच्या सिमेंटवर येतो. सिमेंट पक्कं आहे याची खात्री करूनच वजन उचलायचं असतं.

रिग होती ट्रान्सओशन कंपनीची. बीपीने ती भाड्याने घेतली होती आणि सिमेंटचं काम हॅलिबर्टनकडे होतं. रिगचं भाडं रोजचं सुमारे ५ लाख डॉलर. बाकीचा खर्च धरला तर दिवसाला १० लाख डॉलरच्या घरात. एप्रिलच्या मध्यापर्यंत काम सहा आठवडे मागे पडलं होतं आणि खर्च अंदाजापेक्षा ५ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त वर गेला होता. बीपीच्या ह्यूस्टनच्या कार्यालयात बसलेल्या माणसांसमोर हा हिशेब रोज असे. तासातासाची किंमत त्यांना पाठ होती. सिमेंट बसलं नाही तर काय किंमत पडेल, याचा रकाना त्या हिशेबात नव्हता.

शेवटचा आठवडा

विहिरीत शेवटची पोलादी नळी, म्हणजे केसिंग, कशी उतरवायची याचे दोन पर्याय होते. एक पर्याय वायूच्या वाटेत जास्त अडथळे उभे करणारा होता, पण ७० लाख ते १ कोटी डॉलरनी महाग. बीपीने दुसरा निवडला. कागदपत्रांत त्याची भलामण करताना किमान तीन दिवस वाचतील असा मुद्दा होता.

मग सेंट्रलायझर. केसिंग विहिरीच्या मधोमध राहावी, एका बाजूला टेकू नये, म्हणून तिच्यावर ही कडी बसवतात. केसिंग टेकली की त्या बाजूला सिमेंट पोहोचत नाही. हॅलिबर्टनच्या संगणकीय गणिताप्रमाणे २१ हवे होते. रिगवर ६ होते. आणखी १५ हेलिकॉप्टरने आणवलेही. पण ते वेगळ्या प्रकारचे आहेत असा समज झाला आणि बसवायला दहा तास जातील असंही गणित मांडलं गेलं. शेवटी सहावरच काम भागवलं. यावरच्या ईमेलमध्ये एका अभियंत्याने लिहिलं होतं की झालं ते झालं, कोण पर्वा करतो, बहुधा सगळं ठीक होईल.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. पुढच्या तपासात असं दिसलं की वायू केसिंगच्या बाहेरून नव्हे, तर तळाच्या सिमेंटमधून वाट काढून केसिंगच्या आतून वर आला. त्यामुळे सेंट्रलायझर कमी पडले म्हणूनच स्फोट झाला असं ठामपणे म्हणता येत नाही. तरीही तो प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण निर्णय कसे होत होते ते त्यात स्वच्छ दिसतं. गणिताने धोका दाखवला, त्यावर पुन्हा गणित कोणी केलं नाही, आणि 'बहुधा' या शब्दावर चार किलोमीटर खडकाखालचा वायू सोपवला गेला.

सिमेंटचीही तीच गत. खडक नाजूक म्हणून नायट्रोजनचे बुडबुडे घातलेलं हलकं सिमेंट वापरायचं ठरलं. असं सिमेंट घट्ट होईपर्यंत त्यातले बुडबुडे आहेत तसे टिकले पाहिजेत. ते एकमेकांत मिसळले की सिमेंट ठिसूळ, सच्छिद्र होतं. हॅलिबर्टनच्या प्रयोगशाळेत फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये झालेल्या चाचण्यांत हे मिश्रण अस्थिर असल्याचं दिसलं होतं. फेब्रुवारीचे आकडे बीपीकडे मार्चमध्येच पोहोचले होते. तरी ते विहिरीत ओतलं गेलं. अपघातानंतर आयोगाने तशाच मिश्रणाच्या चाचण्या शेव्हरॉनच्या प्रयोगशाळेकडून करून घेतल्या. तिथे नऊ वेळा प्रयत्न करूनही ते स्थिर राहिलं नाही.

अशा सिमेंटवर मग ती ध्वनिलहरींची तपासणीही केली नाही. बीपीचा युक्तिवाद असा की विहिरीत जितकं द्रव सोडलं तितकं वर परत आलं, म्हणजे सिमेंट भेगांत पळालेलं नाही. पण त्यावरून सिमेंट कुठे पळालं नाही इतकंच कळतं. ते जागेवर घट्ट झालंय की नाही, ते कळत नाही.

तीन तास

२० तारखेच्या संध्याकाळी एक मोजमाप मात्र खरोखर घेतलं गेलं आणि त्याने धोका अगदी आकड्यात दाखवला. हा भाग जरा सावकाश सांगतो.

त्याला निगेटिव्ह प्रेशर टेस्ट म्हणतात. विहिरीवरचं वजन थोडा वेळ मुद्दाम कमी करायचं आणि बघायचं की आतून काही जोर करतंय का. सिमेंट पक्कं असेल तर दाब शून्यावर राहतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास चाचणी सुरू झाली. ड्रिल पाइपमधला दाब सोडून दिला की तो शून्यावर यायचा आणि पाइप बंद केला की पुन्हा चढायचा. शेवटी तो १,४०० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) येऊन थांबला. खालून कोणीतरी ढकलत होतं, हाच त्याचा सरळ अर्थ.

मग तीच चाचणी किल लाइन या बाजूच्या बारीक नळीवरून करून पाहिली. तिथे अर्धा तास काही वाहिलं नाही, दाब शून्य. एकाच विहिरीत उतरलेल्या दोन नळ्या, एकीत १,४०० आणि दुसरीत शून्य. हे शक्य नाही, दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे हे उघड होतं. रिगवर यावर चर्चा झाली. कोणीतरी 'ब्लॅडर इफेक्ट' असं स्पष्टीकरण पुढे केलं, म्हणजे वरच्या जड मडमुळे ड्रिल पाइपमध्ये दाब दिसतोय असं. भौतिकशास्त्रात याला आधार नव्हता. पण रात्री आठच्या सुमारास शून्य हा आकडा खरा धरला गेला आणि चाचणी यशस्वी ठरवली गेली.

किल लाइनमध्ये शून्य का दिसलं असावं, याचं एक संभाव्य उत्तर याच लोभाशी जाऊन मिळतं. मड आणि पाणी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये एक वेगळं द्रव सोडतात. त्यासाठी रिगवर उरलेलं, भेगा बुजवायला आणलेलं दाट चिकट रसायन वापरलं होतं, तेही ४५० बॅरलहून जास्त; नेहमीच्या दुपटीहून अधिक. का? ते तसंच किनाऱ्यावर नेलं असतं तर घातक कचरा म्हणून विल्हेवाट लावण्याचा खर्च आला असता. एकदा विहिरीतून फिरवलं की नियमाप्रमाणे ते समुद्रात सोडता येत होतं. त्या चिकट रसायनाने किल लाइन बुजली असण्याची शक्यता तपासात पुढे आली. ही गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. कचरा फुकटात समुद्रात टाकायचा म्हणून तो विहिरीत घातला, आणि विहिरीचं खरं बोलणंच त्याने बंद केलं असावं.

रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी रिगवरच्या 'कंपनी मॅन'ने, म्हणजे बीपीच्या प्रतिनिधीने, ह्यूस्टनमधल्या अभियंत्याला फोन केला. त्या बोलण्यात दोन नळ्यांतल्या विसंगत आकड्यांचा विषय निघाला. असं व्हायला नको, हे अभियंत्याच्या लक्षात आलं होतं. काम थांबवा, असं मात्र कोणी म्हटलं नाही. पुढे या प्रकरणाचा निकाल देणारे न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी बीपीचा घोर निष्काळजीपणा सिद्ध धरताना या फोनला मोठं वजन दिलं.

तोवर मड काढून समुद्राचं पाणी भरणं जोरात सुरू होतं. नऊनंतर दाबाच्या आलेखात वायू आत शिरल्याच्या खुणा दिसत होत्या. त्या वेळेत कोणी ओळखल्या नाहीत. ९ वाजून ४० मिनिटांनी मड डेकवर उसळला. तो समुद्राकडे वळवण्याऐवजी मडमधला वायू वेगळा करणाऱ्या रिगवरच्याच छोट्या विभाजक यंत्राकडे वळवला गेला. तिथून वायू सगळ्या डेकवर पसरला आणि इंजिनांपर्यंत पोहोचला.

त्या दिवशी बीपी आणि ट्रान्सओशनचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. कामगाराला सुट्टी घ्यावी लागेल असा एकही अपघात सात वर्षांत झाला नाही, याचं कौतुक करायला. त्यांच्याकडे तोही एक आकडा होता. पण हात कापणं, पाय घसरणं मोजणारा. विहीर किती धोक्यात आहे, ते त्यातून दिसणार नव्हतं.

शेवटची भिंत

समुद्रतळावर विहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर नावाचं यंत्र असतं, पाच मजली इमारतीएवढं. सगळं हाताबाहेर गेलं तर त्यातल्या पात्या ड्रिल पाइप कापून विहीर बंद करतात. याच्या भरवशावर एवढ्या खोल पाण्यात खोदायला परवानगी मिळते.

मकोंडोच्या यंत्रात पाइप कापून विहीर बंद करणाऱ्या पात्यांची एकच जोडी होती. ती एक चुकली तर दुसरी नाही. तपासात आढळलं की त्याच्या एका नियंत्रण संचातली बॅटरी क्षीण झाली होती आणि दुसऱ्या संचातल्या विद्युत झडपेचं वायरिंग उलटं जोडलेलं होतं. खालून आलेल्या जोराने पाइप वाकून मधल्या जागेवरून सरकला होता; पात्यांना तो पूर्ण कापता आला नाही. उत्पादकाच्या नियमाप्रमाणे यंत्राची ठरावीक काळाने पूर्ण उघडून तपासणी व्हायला हवी होती. तीही थकलेली होती. कारण सरळ आहे. त्यासाठी यंत्र वर काढून काही काळ बंद ठेवावं लागतं, आणि बंद रिगचं भाडं कोण देणार?

रिगवरच्या सर्वसाधारण धोक्याच्या भोंग्याबाबत मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने चौकशीत साक्ष दिली. भोंगा आपोआप वाजू नये असा ठेवला होता, कारण खोट्या इशाऱ्यांनी रात्री तीनला माणसांची झोपमोड नको होती.

सगळ्यात त्रासदायक वाटतं ते हे की असा प्रसंग चार महिने आधीच घडून गेला होता. २३ डिसेंबर २००९ ला ब्रिटनच्या उत्तर समुद्रात ट्रान्सओशनच्याच दुसऱ्या रिगवर मड काढून पाणी भरताना वायू वर आला. तिथेही चाचणी यशस्वी समजली गेली होती. सुदैवाने विहीर वेळेत बंद झाली. कंपनीने त्यावर धडा म्हणून एक सादरीकरणही तयार केलं. डीपवॉटर होरायझनवरच्या कामगारांपर्यंत ते पोहोचलं नाही.

किती तेल?

रिग बुडाल्यावर पहिला अधिकृत आकडा आला दिवसाला १,००० बॅरल. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. चार दिवसांनी तो ५,००० झाला आणि जवळजवळ महिनाभर तिथेच राहिला. आकडा मोजा, असा आग्रह शास्त्रज्ञ धरत होते. किती गळतंय ते कळल्याने ते थांबवण्याच्या कामात फरक पडत नाही, अशी बीपीची भूमिका होती.

फरक पडत होता. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यात दंड बॅरलमागे ठरतो. घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर तेव्हा बॅरलमागे ४,३०० डॉलरपर्यंत. आणि थांबवण्याच्या कामातही फरक पडत होता. मे महिन्याच्या शेवटी 'टॉप किल' नावाचा प्रयोग झाला, वरून जड मड जोराने ढकलून तेल मागे लोटायचा. प्रवाह दिवसाला १५,००० बॅरलच्या वर असेल तर हे जमणार नाही, हे बीपीच्या अभियंत्यांना माहीत होतं. लोकांसमोर आकडा ५,००० चा असताना प्रयोग सुरू झाला आणि तीन दिवसांत फसला.

१२ मे रोजी दबावापोटी बीपीने समुद्रतळावरच्या तुटलेल्या नळीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. पर्ड्यू विद्यापीठातले स्टीव्ह वेरेली यांनी त्या चित्रातल्या भोवऱ्यांचा वेग मोजून उत्तर काढलं: दिवसाला सुमारे ७०,००० बॅरल. सरकारी शास्त्रज्ञांचा शेवटचा अंदाज आला तो सुरुवातीला ६२,००० आणि शेवटी ५३,००० बॅरलचा, एकूण ४९ लाख. न्यायालयाने पुढे समुद्रात गेलेलं तेल ३१ लाख ९० हजार बॅरल धरलं. अमेरिकी संसदेपासून प्रवाहाची माहिती लपवल्याचा गुन्हा बीपीने २०१२ मध्ये कबूल केला.

तेल पकडण्याच्या तयारीबद्दल कंपनीच्या आराखड्यात काय होतं? दिवसाला ४ लाख ९० हजारांहून अधिक बॅरल पाण्यावरून काढण्याची क्षमता असल्याचा दावा. प्रत्यक्षात ८७ दिवसांत समुद्राच्या पृष्ठभागावरून निपटून काढलं गेलं एकूण तेलाच्या फक्त ३ टक्के. त्याच आराखड्यात संकटात जपायच्या प्राण्यांमध्ये वॉलरस आणि सी लायन होते. मेक्सिकोच्या उबदार आखातात वॉलरस नसतात. आर्क्टिकसाठी लिहिलेला मजकूर उचलून चिकटवला होता. ज्या तज्ज्ञाशी संपर्क साधायचा म्हणून नाव होतं, ते २००५ मध्येच वारले होते. एक्सॉन, शेव्हरॉन, शेल, कोनोकोफिलिप्स यांचे आराखडेही जवळजवळ शब्दशः असेच निघाले.

आणि हे मंजूर करणारं खातं? खनिज व्यवस्थापन सेवा हे सरकारी खातं तेल कंपन्यांकडून रॉयल्टी गोळा करायचं आणि त्यांच्यावर सुरक्षेची नजरही तेच ठेवायचं. जास्त विहिरी, जास्त महसूल. याच खात्यातल्या काही अधिकाऱ्यांनी तेल कंपन्यांकडून भेटवस्तू आणि सामन्यांची तिकिटं घेतल्याचं महानिरीक्षकांच्या अहवालात आलं. कुंपणानेच शेत खाल्लं. मकोंडोला सविस्तर पर्यावरणीय अभ्यासातून सूट याच खात्याने दिली होती. अपघातानंतर ते खातं मोडून त्याचे तुकडे केले गेले.

पाण्याखाली

तेल पृष्ठभागावर दिसू नये म्हणून कॉरेक्झिट हे विखुरक रसायन ओतलं गेलं, सुमारे ७० लाख लिटर. त्यातलं २९ लाख लिटर थेट दीड किलोमीटर खोल विहिरीच्या तोंडाशी. इतक्या खोलीवर असं आधी कोणीच केलं नव्हतं. त्याने तेलाचे बारीक थेंब झाले. किनाऱ्यावर पोहोचणारं तेल काही प्रमाणात कमीही झालं असेल. पण तेल गेलं कुठे? हजार-बाराशे मीटर खोलीवर पस्तीस किलोमीटर लांब तेलकट पाण्याचा पट्टा शास्त्रज्ञांना सापडला. विहिरीपासून अकरा किलोमीटरवरची खोल पाण्यातली प्रवाळं तपकिरी थराखाली मरताना दिसली. अशी प्रवाळं वाढायला शतकं लागतात.

२,१०० किलोमीटरहून लांब किनाऱ्याला तेल लागलं. सर्वांत जास्त झळ बसली ती लुइझियानाच्या दलदलीला, जिथे कोळंबी आणि कालवं वाढतात. मासेमारी बंदीचं क्षेत्र एका टप्प्यावर आखाताच्या संघराज्यीय पाण्याच्या ३७ टक्क्यांपर्यंत गेलं. कोळंबी पकडणाऱ्यांत मोठा वाटा व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित कुटुंबांचा होता. युद्धानंतर याच बोटींवर त्यांनी संसार पुन्हा उभे केले होते, आणि नुकसानभरपाईचे अर्ज त्यांच्यासमोर इंग्रजीत आले.

मला सगळ्यात लक्षात राहतो तो बॅराटारिया उपसागरातल्या डॉल्फिनचा अभ्यास. तेल भरपूर लागलेल्या या उपसागरात २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी डॉल्फिन पकडून तपासले आणि सोडले. फुप्फुसाचे आजार, अशक्तपणा, तणावाची संप्रेरकं बिघडलेली. दहा माद्या गाभण होत्या. पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर जिवंत राहिलेली पिल्लं दोघींचीच. निरोगी पाण्यात हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर असतं. त्यांना पकडून, अल्ट्रासाउंड करून, पुन्हा वर्षानुवर्षं बोटीतून शोधलं म्हणून हा आकडा आहे.

आपला संबंध

बीपीने फेब्रुवारी २०११ मध्ये, विहीर कायमची बंद होऊन सहा महिने होण्याच्या आत, भारतात रिलायन्सच्या तेल-वायू क्षेत्रांत ३० टक्के हिस्सा ७२० कोटी डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्राचा त्यात समावेश होता. २०२१ मध्ये दोघांच्या भागीदारीतला पहिला जिओ-बीपी पंप नवी मुंबईत नावडे इथे सुरू झाला. आणि तितका खोल नसला तरी महाराष्ट्राचाही समुद्र आहे. मुंबई हायमध्ये ३० जुलै १९८२ ला सागर विकास रिगवर ब्लोआउट झाला होता. मकोंडोची गळती थांबून महिना व्हायच्या आत, ७ ऑगस्ट २०१० ला, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा जहाजाची टक्कर होऊन तेल अलिबाग-उरणच्या खारफुटीत शिरलं. पावसाळ्यात कोकण आणि गोव्याच्या वाळूत पायाला लागणारे डांबरगोळे तर दरवर्षीचेच. ते कुठल्या जहाजाचे, कुठल्या विहिरीचे, हे कोळी बांधवांनी कोणाला विचारायचं?

हिशेब

न्यायाधीश बार्बियर यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये दोषाची वाटणी केली: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३०, हॅलिबर्टन ३. बीपीने मनुष्यवधाचे ११ गुन्हे कबूल केले. २०१५ मध्ये सरकारांशी २,०८० कोटी डॉलरची तडजोड झाली. सगळा खर्च धरता कंपनीला साडेसहा हजार कोटी डॉलरच्या वर फटका बसला. हॅलिबर्टनने अपघातानंतरचा पुरावा नष्ट केल्याचं कबूल केलं. त्याचा दंड होता २ लाख डॉलर. रिगवरच्या दोन कंपनी मॅनवर मनुष्यवधाचा खटला भरला होता, तो मागे घेतला गेला. या प्रकरणात कोणीही तुरुंगात गेलं नाही. ह्यूस्टन किंवा लंडनच्या वरच्या मजल्यावरच्या कोणावर त्या अकरा मृत्यूंसाठी खटलाही उभा राहिला नाही.

साडेसहा हजार कोटींच्या शेजारी १ लाख २८ हजार ठेवून पाहिलं की अनेक जण म्हणतात, लोभ कंपनीलाच महागात पडला. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या व्यवस्थापकाने दहा तास वाचवले त्याच्या खात्यात ते दहा तास त्याच दिवशी जमा होत होते. नुकसान झालंच तर ते भागधारकांत, विमा कंपन्यांत, करदात्यांत आणि दलदलीतल्या कोळ्यांत वाटलं जाणार होतं. शंभरांतल्या नव्व्याण्णव विहिरींवर अशी काटकसर बक्षीसच मिळवून देते. आयोगानेही म्हटलं की धोका वाढवणारे बरेच निर्णय वेळ आणि पैसा वाचवणारे होते, मग तसा हेतू असो वा नसो. धोका मोजायची सक्ती कंपनीबाहेरच्या, रिगच्या भाड्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात असायला हवी, असं मला या कागदांवरून ठामपणे वाटतं. मकोंडोवर त्या संध्याकाळी काम थांबवण्याचा अधिकार कागदावर सगळ्यांना होता. तो वापरणाऱ्याला रोजचे १० लाख डॉलर कोणाच्या नावावर पडणार, हेही माहीत होतं.

तेल साफ करायला हजारो माणसं आली: बेकार झालेले कोळी, आसपासच्या राज्यांतले मजूर, कंत्राटी कामगार. तेलाचे गोळे फावड्याने भरणं, तेलात बुडालेले बूम, म्हणजे तेल अडवायचे तरंगते पट्टे, ओढून बोटीवर घेणं, हे त्यांचं काम. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने यांतल्या सुमारे ३३ हजार लोकांचा पाठपुरावा केला. जास्त संपर्क आलेल्यांत श्वसनाच्या आणि हृदयाच्या तक्रारी अधिक आढळल्या. अनेकांनी बीपीवर खटले भरले. न्यायालयाने प्रत्येकाला विचारलं की कोणतं रसायन, किती प्रमाणात तुमच्या शरीरात गेलं आणि तेवढ्या प्रमाणाने हाच आजार होतो हे कशावरून? बीपीने त्या उन्हाळ्यात हवेचे नमुने घेतले होते. कामगारांच्या त्वचेतून, रक्तात काय जातंय याची पद्धतशीर तपासणी झाली नव्हती. आकडा नाही म्हणून तज्ज्ञांची साक्ष टिकली नाही, आणि हे खटले बहुतांशी सुनावणीपर्यंत न पोहोचताच फेटाळले गेले.